बंद पडद्यावरच्या तीन रेघा

दुपारचे तीन वाजले होते. हेब्बाळच्या एका टेक पार्कमधल्या काळ्या खोलीत अश्लेषाने हेडसेट डोळ्यांना लावला, आणि तिला तीन पांढऱ्या रेघा दिसल्या.

आडव्या. एकाखाली एक.

हेडसेटचा पडदा बंद होता.

ही घटना यंदाच्या फेब्रुवारीतली आहे. अश्लेषा आणि तिचा सहकारी प्राणेश यांनी वेगवेगळं सांगितलेलं जिथे जुळलं, तेवढंच इथे घेतलं आहे. ती एकटी असतानाचं आणि एका घरातलं मात्र अश्लेषाने एकटीने सांगितलं. त्याला दुसरा साक्षीदार नाही. नावं बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

अश्लेषा मूळची पुण्याची. तिचं काम हेडसेटची भिंगं तपासायचं. भिंग पातळ ठेवायचं तर प्रकाशाला त्यात पुढे-मागे उड्या मारायला लावावं लागतं. त्यातला थोडा चुकार प्रकाश भलत्या वाटेने डोळ्यांत पोचतो. मग खऱ्या चित्राशेजारी त्याचंच फिकट रूप तरंगताना दिसतं. या धंद्यात त्याला घोस्टच म्हणतात. ते घालवणं ही तिची नोकरी.

"काय मांत्रिकबाई, आज किती भुतं उतरवली?" बेळगावचा प्राणेश रोज विचारायचा.

"एक उरलंय. माझ्यासमोर उभं आहे."

त्या दुपारी प्राणेश जेवायला गेला होता. खोलीत ती एकटीच. भिंती काळ्या, छत काळं, दाराला काळा जाड पडदा. अंगावर काळा कोट. घड्याळ आणि बांगड्या दाराबाहेरच्या स्टीलच्या ट्रेमध्ये. चमकणारं काहीही आत न्यायचं नाही, असा नियमच होता.

तिने हेडसेट काढला. अंधार.

पुन्हा लावला.

रेघा तिथेच होत्या...

भिंगात दोष असणार, असं म्हणून तिने दुसरा हेडसेट घेतला. त्यातही त्याच. मग जिथे डोळा असतो तिथे कॅमेरा बसवून फोटो काढला. फोटो काळाभोर. भिंगाचा दोष कॅमेऱ्यातही दिसतो. दिसायलाच हवा.

तिने पुन्हा स्वतःचा डोळा लावला.

आता डावीकडून रेघा पुसल्या जात होत्या.

सावकाश. तिन्ही एकदम. कुणी त्यांवरून रुमाल फिरवावा तशा...

आणि बाहेर ट्रेमध्ये टक् असा आवाज झाला. घड्याळ काढून ठेवल्याचा.

"प्राणेश?"

दाराचा पडदा हलला नाही. ती बाहेर आली. कॉरिडॉर रिकामा होता. ट्रेमध्ये तिचंच घड्याळ आणि तिच्याच बांगड्या होत्या.

आत जायच्या आधी घड्याळ असं ठेवायची सवय त्या ऑफिसात एकाच माणसाला होती. हळूच ठेवायचं त्यांना कधी जमलंच नाही.

उमाकांत सर.

सर निपाणीचे. सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झाले आणि सल्लागार म्हणून इथे आले. अश्लेषाला भिंगांचं काम त्यांनीच शिकवलं. रोज आंघोळीनंतर कपाळावर भस्माच्या तीन रेघा ओढायचे. तसेच ऑफिसला यायचे. कुणाला त्यात काही वाटायचं नाही.

गेल्या सप्टेंबरात हैदराबादहून ग्राहक आले होते. त्यांना पसंत पडलं तरच प्रकल्प पुढे चालणार होता. त्या सकाळी सरांनी हेडसेट पाहिला आणि म्हणाले, "अश्लेषा, हा नको दाखवू. भिंगावर फिल्म चिकटवताना सुरकुती पडलीय. स्वल्प थांब, दुसरा लावू."

"सर, वेळ नाहीये. कोण एवढं बघतंय?"

पाहुण्यांनी बघितलं. त्यांच्यातला एक जण म्हणाला, काळ्या भागात काहीतरी पांढुरकं दिसतंय. रेषांसारखं.

सगळे अश्लेषाकडे पाहू लागले. सर शेजारीच वायर धरून उभे होते.

आणि तिच्या तोंडून निघालं, "सर, तुमच्या कपाळावरचं पुसता का? त्याचा प्रकाश आत येतोय."

हे शक्यच नव्हतं. हेडसेट चेहऱ्यावर बसला की कडेचा फोम बाहेरचं काही आत येऊ देत नाही. शिवाय खोलीत अंधार. कपाळावरून उसळायला प्रकाश होता कुठे? हे तिला माहीत होतं. तिला शिकवणाऱ्याला तर होतंच.

सरांनी तिच्याकडे पाहिलं. "सरी," कन्नडातलं 'बरं', एवढंच म्हणाले. रुमाल काढला आणि कपाळ पुसलं.

सावकाश. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे.

तेवढ्यात तिने सुरकुतीचा हेडसेट बाजूला सारून दुसरा पुढे केला. आता स्वच्छ दिसतंय, असं पाहुणे म्हणाले. कुणीतरी हसलं. प्रकल्प मिळाला.

दाराबाहेर नियमांचा कागद होता. घड्याळ, अंगठी, बांगड्या बाहेर ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याखाली कुणीतरी पेनने लिहिलं, 'कपाळही पुसा.' अश्लेषाने ते वाचलं. तिथून रोज ये-जा केली. कागद काढला नाही.

सर त्यानंतर कोऱ्या कपाळाने येत राहिले. त्या दिवसाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. दिवाळीच्या आधी झोपेतच गेले.

फेब्रुवारीतल्या त्या दुपारी तेवढ्यात प्राणेश जेवून आला. अश्लेषाने काही न सांगता हेडसेट त्याच्या हातात दिला. "बघ."

तो बराच वेळ बघत राहिला. नेहमीसारखी थट्टा नाही.

मग त्याने हेडसेट काढला आणि हळू आवाजात विचारलं, "तीन आहेत ना? अर्ध्या पुसलेल्या?"

तिने हेडसेट परत घेतला.

"मॅडम, त्या कागदावर कपाळाचं मी लिहिलं होतं," प्राणेश म्हणाला. "गंमत म्हणून. मला वाटलं, तुम्ही म्हणालात म्हणजे खरंच असणार."

त्याला तेव्हाही तिने खरं सांगितलं नाही. कागद मात्र फाडला.

रेघा गेल्या नाहीत. रोज दुपारी तीनला दिसायच्या. रोज पुसल्या जायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताज्या.

शेवटी एका रविवारी ती सर्जापूर रोडला सरांच्या घरी गेली. खरं काय ते सांगून टाकायचं, असं ठरवूनच. सरांच्या पत्नी विद्याअक्कांनी दार उघडलं.

"ये गं. बस की. किती वाळलीस? खातेस का नाही काही?"

भिंतीवर सरांचा फोटो होता. कपाळावर ठसठशीत तीन रेघा.

"फोटो जुना आहे," अक्का म्हणाल्या. "शेवटी शेवटी लावायचेच नाहीत. मी भांडले. म्हटलं, एवढ्या वर्षांचं सोडता कशाला? तर म्हणाले, कामात आड येतंय. अश्लेषाने दाखवून दिलं. मीच शिकवलंय तिला, ती चुकीचं सांगायची नाही."

अश्लेषाने पाण्याचा पेला उचलला. पुन्हा खाली ठेवला.

"एक गोष्ट कुणाला सांगितली नाही बघ," अक्कांचा आवाज खाली आला. "नेताना मी माझ्या हाताने भस्म लावलं होतं. चांगलं ओलं करून. गाडीत ठेवेपर्यंत बघते तर... कपाळ कोरं. पुन्हा लावलं. पुन्हा कोरं. गेलेल्या माणसाला घाम येतो का गं?"

"अक्का..."

"काय गं?"

"काही नाही."

ती उठली. लिफ्टच्या आरशात स्वतःकडे बघायचं तिने टाळलं, असं तिनेच सांगितलं.

परवा अक्कांचा फोन आला. "ज्याच्यासाठी हे शेवटपर्यंत राबले, तो चष्मा मला एकदा डोळ्यांना लावून बघायचाय. बघू देतील का?"

अश्लेषाने मोतीबिंदूचं कारण काढून पाहिलं. अक्का म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, आता लख्ख दिसतं.

प्राणेशने सगळेच हेडसेट पुन्हा तपासले. भिंगं बदलली, फिल्म बदलली. कॅमेऱ्याचे सगळे फोटो काळे आहेत.

हे लिहीपर्यंत अश्लेषाने अक्कांना काहीही सांगितलेलं नाही. आज दुपारीही तिन्ही रेघा आल्या, आणि पुसल्या गेल्या.

विद्याअक्का शुक्रवारी येणार आहेत. तीन वाजता.