पडक्या विहारातली वंदना

बापाला एक पडका विहार दाखवून आणायचं, एवढंच काम होतं. उखाकाकांनी अशी सुरुवात केली तेव्हा सुरतेतल्या बमरोलीच्या चाळीच्या गच्चीवर बसलेली पोरं हिरमुसली.

"भुताची सांगा ना, काका," अमोल म्हणाला.

"भूत म्हणू नको. ज्याच्यावर हे बेतलं तो धम्मपाल माझ्या शेजारच्या लूमवर होता. बावीस प्रतिज्ञांच्या घरातला. भूत शब्द काढला की भांडायला उठायचा. एकदा शेठने भगत आणला, मशिनीला लिंबू बांधायला. धम्मपालने ते लिंबू कापलं आणि त्या भगतालाच सरबत पाजलं."

पोरं हसली.

"हसून घ्या. गेल्या सालची माघ पौर्णिमा. बुधवार होता."

धम्मपालचा बाप गंगाराम मूळचा अकोल्याकडचा, हयात गेली सुरतच्या मिलमध्ये. म्हातारपणी सगळं विसरत गेला. पोराचं नाव विसरला. सुनेला, दीप्तीला, विचारायचा, "बाई, तुम्ही कोणाच्या?" एकच गोष्ट उरली होती. वस्तीत रविवारी वंदना सुरू झाली, की पुढचा म्हणेल ती ओळ गंगाराम मागून म्हणणारच. जेवता जेवता, अंथरुणातून, संडासातूनसुद्धा.

इच्छापोरच्या पुढे, कारखान्यांच्या मागे, जुन्या विटांचा विहार आहे असं त्याने कधीतरी ऐकलं होतं. शुद्धीत असताना एकच हट्ट असायचा, "एकदा दाखव रे मले." नेमकी जागा काका सांगत नाहीत. "उगीच बाइक काढून तिकडे निघाल."

शेठने सुट्टी दिली ती अर्धी. बाप-लेक पोचले तेव्हा दिवस बुडत होता. दारात गंजलेला फलक, 'संरक्षित स्मारक'. संरक्षण कोण करतं? ना कुंपण, ना दिवा, ना माणूस. विहाराच्या विटा शेजारच्या गोदामाच्या भिंतीत बसलेल्या उघड दिसत होत्या. मधे अंगण, चारी बाजूंना भिक्षूंच्या बिनछपराच्या खोल्या. मागे कुणा ठेकेदाराने माती उपसून केलेला खड्डा, पाण्याने भरलेला. फलक लावला, साहेबांचं काम संपलं!

"कुठी आणलं रे बाप्पा मले?"

"बुद्धाच्या घरी, बा."

गंगाराम चौथऱ्यावर बसला. विटांवरून हात फिरवत राहिला.

तेवढ्यात शेठचा फोन. आवाज तुटत होता म्हणून धम्मपाल रस्त्यापर्यंत आला. "रातपाली में नहीं आया तो कल से मत आना." धम्मपाल काय गप्प बसणारा? चांगला भांडला. भांडून परत आला.

चौथरा रिकामा.

"बा!"

एकेक खोली पाहिली. कोणी नाही. खड्ड्याच्या काठावर चप्पल होती. एकच.

गोदामाचा वॉचमन भूपेंद्र धावत आला, पण दारातच थांबला. त्याने बॅटरी लांबूनच पुढे केली. "अंधारा पछी हुं अंदर नथी आवतो, भाई. नथी ज आवतो." धम्मपालने पोलिसांना फोन लावला. "सवारे आवो." सकाळी! सकाळी काय, प्रेत न्यायला?

धम्मपाल छातीभर पाण्यात उतरला. पायांनी गाळ चाचपला. हातांनी चाचपला. बुडी मारली. पुन्हा मारली. काही लागलं नाही. काठावर आला आणि लहान पोरासारखा रडला. दीप्तीला काय सांगणार? फोन आला म्हणून बाप सोडला?

मग त्याला सुचलं. हाकेला बा ओ देणार नाही. त्याला स्वतःचं नावही आठवत नाही. पण...

अंगणाच्या मधोमध उभा राहून त्याने हात जोडले. "बुद्धं सरणं गच्छामि."

थांबला.

डाव्या खोल्यांतून उत्तर आलं. "बुद्धं सरणं गच्छामि."

बाचाच आवाज! तो धावला. खोली रिकामी.

"धम्मं सरणं गच्छामि."

उत्तर समोरच्या बाजूने आलं. बाचा आवाज. आणि त्याच्याबरोबर आणखी एक.

"संघं सरणं गच्छामि."

आता पाच-सहा. खालच्या सुरातले, जाड, संथ. बॅटरी फिरवली. विटा. नुसत्या विटा.

दारात भूपेंद्र नव्हता.

धम्मपालने दुसरी फेरी सुरू केली. का? कारण तो गप्प झाला की तेही गप्प होत, आणि त्यांच्यात बासुद्धा गप्प होई. दुतियम्पि... प्रत्येक खोलीतून उत्तर येत होतं. जवळून. अजून जवळून.

तिसरी फेरी उरली. तीन ओळी. त्यानंतर त्रिशरण संपतं. बा या तीन ओळींत सापडला तर सापडला.

त्याने तोंड उघडलं. त्याआधीच...

"ततियम्पि बुद्धं सरणं गच्छामि."

ते म्हणाले. सगळे. आणि थांबले.

त्याच्यासाठी.

धम्मपालने दातांत मनगट धरलं. जन्मभराची सवय, ओळ आली की मागून म्हणायची. ओठ हलत होते. तो बोलला नाही.

मग अगदी पाठीशी, एकटा आवाज. "ततियम्पि बुद्धं..."

तो वळला. हाताला मनगट लागलं, हाडकुळं, गार. मिठी मारली. खोल्यांतून दुसरी ओळ आली. बाने उत्तर दिलं. तिसरी आली. बाने तोंड उघडलं, आणि धम्मपालने त्यावर तळहात दाबला.

"नको, बा. नको..."

तसाच खांद्यावर टाकून तो पळाला. तळहाताखाली ओठ हलत होते. मागे कोणी आलं नाही. कोणी बोललंही नाही. वाट बघत होते.

गोदामाच्या दिव्याखाली बाला उतरवलं. भूपेंद्र पाणी घेऊन पुढे आला. बाला बघून दोन पावलं मागे सरला.

गच्चीवर पोरं काकांजवळ सरकली होती. "काय झालं होतं?" शीतलने विचारलं.

"त्या दिवशी सकाळी गंगारामच्या डोक्यावर पांढऱ्या केसांचं दाट रान होतं. दिव्याखाली बघितलं तर भिक्षूसारखं तुळतुळीत. ओरखडा नाही. सदऱ्यावर एक केस नाही."

"मग... केस परत आले?"

काका उठले. जिन्याशी थांबले.

"वर्ष झालं. घरात वस्तरा नाही. दीप्ती रोज सकाळी त्याच्या डोक्यावरून हात फिरवून बघते."

"आणि?"

"अजून खुंटसुद्धा नाही."