हा घास तिचा

वैभवी माझी मामेबहीण. ती दुबईत, मी शारजात. हे तिच्याच बाबतीत घडलंय. लिहायची परवानगी देताना तिने एकच अट घातली, "पदरचं काही घालू नकोस." घातलेलं नाही.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, बुधवार. भर दुपारी एकची वेळ. जागा, दुबईच्या अल क्वोज भागातलं एक गोदाम.

वैभवी तिथे जुन्या वस्तूंच्या नोंदी करायची. शंभरेक वर्षांपूर्वी आर्मेनियन लोकांना घरादारातून हुसकून सीरियाच्या वाळवंटात पायी चालवत नेलं होतं. लाखो मेले. कितीतरी भुकेनेच. अशाच एका तळावर खोदकामात सापडलेलं सामान प्रदर्शनासाठी आलं होतं.

ट्रेमध्ये मांडलेल्या चाव्या. बटणं. एक फणी.

आणि एक छोटा चमचा. त्याच्या कडेला बारीक खुणा होत्या... दुधाच्या दातांच्या.

त्या दिवशी नर्सरी बंद. चार वर्षांच्या अवनीला सोबत नेण्यावाचून इलाज नव्हता.

"मॅडम, बच्ची को यहाँ मत खिलाओ," गोदाम सांभाळणारा अक्रम म्हणाला. "भूखे लोगों का सामान है ये."

"बस दस मिनिट, अक्रमभाई. खलास."

ट्रेपासून लांब बसून तिने डबा उघडला. तूप-गूळ-पोळी. अवनी तोंड उघडेना. मग आपण सगळ्याजणी करतो तेच तिने केलं.

"हा घास चिऊचा... हा काऊचा... आणि हा कोणाचा गं?"

अवनीने ट्रेकडे बोट दाखवलं. "हर्स."

"बरं बाई, हा तिचा. आ कर."

अवनीने आ केला.

एसीची घरघर थांबली...

आणि कुणीतरी चावल्याचा आवाज आला.

अवनीचं तोंड अजून उघडंच होतं. वैभवीच्या बोटांत घास नव्हता. खालीही पडला नव्हता.

त्या रात्रीपासून अवनी खातच सुटली. दोन पोळ्या, मग चार. वर भात. आणि वजन मात्र दर आठवड्याला कमी. रिपोर्ट सगळे नॉर्मल.

"वाढीचं वय आहे गं," तिचा नवरा तन्मय म्हणायचा. "तू उगाच घाबरतेस."

"अरे, फासळ्या मोज तिच्या!"

दृष्ट काढली. नोकरी सोडली. सामानही परत गेलं. फरक शून्य.

शेवटी एका दुपारी वैभवीने अवनीच्या शेजारी दुसरं पान वाढलं. वरण-भात, वर लिंबाची फोड. पाणी आणायला वळली...

पान रिकामं.

मग रोज वाढू लागली. महिन्याभरात अवनीच्या गालांवर पुन्हा मांस चढलं. वैभवीला वाटलं, सुटलो.

गेल्या सोमवारी वैभवी पान वाढत होती, तेवढ्यात अवनीने तिचा हात धरला. "वेट, मम्मा. शी ब्रॉट देम."

"कोणाला आणलंय? किती जण आहेत?"

अवनी दाराकडे बघून बोटांवर मोजू लागली. एक हात संपला. दुसरा संपला.

तिने परत अंगठ्यापासून सुरुवात केली...

काल मी फोन केला. सकाळचे अकरा. मागे कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या.

"वजन परत उतरतंय गं," वैभवी म्हणाली. "एवढ्याने पुरत नाही. तुझं मोठं पातेलं घेऊन येतेस? आणि थोडं वाढायलाही थांब."

अर्ध्या तासाचा रस्ता आहे. पातेलं घासून, पुसून दारात ठेवलंय.

मी अजून गेलेले नाही.

माझा मुलगा तीन वर्षांचा आहे.