डाव्या गुडघ्याची खोटी तक्रार

पहिल्या भेटीत मी त्याच्या पायाशी आडवी पडले. अगदी अक्षरशः. आमच्या थंड देशातला मे महिन्याचा बारीक, गार पाऊस होता. गॉर्डन रस्त्यावरचा सिग्नल लाल झाला, मी शिस्तीत ब्रेक दाबला, सायकल थांबली... आणि पाय काही पेडलमधून सुटेना. बुटाच्या तळव्याला बसवलेली पकड, म्हणजे क्लीट, पेडलमध्ये खट्कन अडकते तेव्हा छान वाटतं, पण ती काढायची कशी हे त्या क्षणी डोक्यातून पार गेलं. मी पाय वर ओढत राहिले आणि एखादं फडताळ कलंडावं तशी सावकाश उजवीकडे कलंडले.

फुटपाथवर कॉफीचा पेला घेऊन एक माणूस उभा होता. तो धावला नाही, ओरडला नाही. पेला कठड्यावर ठेवून गुडघ्यावर बसला.

"वर ओढू नका," तो म्हणाला. "टाच बाहेर वळवा. दार उघडतो तशी."

मला जमेना. मग त्याने माझी टाच धरली — "चालेल ना?" असं विचारून — आणि हलकेच बाहेर फिरवली. खट्. पाय मोकळा झाला. त्याच्या भुवयांवर पावसाचे थेंब होते, आणि तो हसू दाबायचा प्रामाणिक प्रयत्न करत होता.

"हे बूट तुमचे नाहीत," तो म्हणाला.

"कशावरून?"

"आत बोटं कोंबलेली दिसतायत. आणि पेडलचा स्क्रू इतका आवळलाय की हे एखाद्या दांडग्या मांड्यांच्या बाईचे असावेत."

खरं होतं. बूट आणि पेडल ग्वेनबाईंचे होते. ग्वेन आमच्या शनिवारच्या सायकल मंडळाची म्होरकी, निवृत्त नर्स. तिच्या मांड्यांपुढे तरुण पोरं हात टेकतात.

"तुम्हाला बरंच कळतं यातलं."

"मी पलीकडे सायकलच्या दुकानात आहे," तो म्हणाला. "मी कोराडो."

इथेच माझ्या डोक्यात घंटी वाजली. मी विमा कंपनीत दावे तपासते. मान दुखते म्हणून घरी बसलेली माणसं तळ्यावर वॉटर स्कीइंग करताना मी पाहिली आहेत. अपघाताच्या जागी नेमका वकील उभा असावा आणि पडणाऱ्या बाईसमोर नेमका बूटवाला उभा असावा, हे मला पटत नाही.

"सोयीची जागा निवडलीत उभं राहायला," मी म्हटलं.

"हो ना," तो म्हणाला. "रोज इथे उभा राहतो, पण आज पहिल्यांदाच काहीतरी पडलं."

मंडळाचा एक नियम आहे. पेडलमध्ये अडकून जो पहिल्यांदा पडतो, त्याने त्या शनिवारी सगळ्यांना बेकरीतले बटर टार्ट, म्हणजे लोणी-साखर भरलेल्या छोट्या खुसखुशीत वाट्या, खिलवायचे. मी खिलवले. खाता खाता ग्वेनने मला स्वतःचे बूट घ्यायचा हुकूम सोडला. आणि बोटांवरचं लोणी पुसत एक पुडीही सोडली.

"कोराडोकडेच जा, गुणी आहे पोरगा. फक्त एक आहे... तिथे क्लीट एका खेपेत कधी बसत नाही. आज थोडी हलवायची, पुढच्या आठवड्यात थोडी. मला चार खेपा घालाव्या लागल्या, आणि दर खेपेला मी काहीतरी विकत घेऊनच बाहेर पडले."

झालं. मी सावध होऊनच गेले.

दुकान तळघरात होतं, काही पायऱ्या उतरून. त्याने मला उंच बाकावर बसवलं, पाय लोंबकळत सोडायला सांगितले, आणि स्वतः खाली मांडी घालून नुसता बघत बसला.

"काय बघताय?"

"तुमची बोटं कुठे बघतात ते. उजवा पाय सरळ आहे. डावा जरासा बाहेर पळतोय."

"हे वाईट आहे?"

"वाईट कसलं. तुमचा पाय आहे. क्लीट त्याच्या मर्जीने लावायची, त्याला सरळ करायला जायचं नाही. आणि आत जरा हलायला जागा ठेवायची, नाहीतर गुडघा बोंबलतो."

मग त्याने दोन जोड पुढे ठेवले. एक पांढरा, कडक तळव्याचा, मोठ्या तिकोनी क्लीटचा. दुसरा साधा राखाडी. त्याची क्लीट छोटी, धातूची, तळव्याच्या खाचेत लपलेली.

"तुम्ही बेकरीत थांबणाऱ्यांतल्या, का न थांबणाऱ्यांतल्या?"

"बेकरीसाठीच जाते मी."

"मग राखाडी घ्या. त्या पांढऱ्यांत बदकासारखं चालावं लागतं. ह्यात तुम्ही माणसासारख्या आत जाल, टार्ट घ्याल, बाहेर याल."

"पण पांढरे महाग आहेत."

"आहेत."

"मग तुम्ही मला स्वस्तातले का विकताय?"

त्याने मान वर केली. "तुमच्या घरी सगळे असेच प्रश्न विचारतात?"

"आम्ही डच आहोत. आमच्या घरी याहून वाईट प्रश्न विचारतात."

"डच असून सायकलवरून पडता?"

त्यावर मी हसले आणि लगेच स्वतःवर चिडले. कारण माझा आधीचा प्रियकर, ट्रेव्हर, तोही मला असाच हसवायचा. दीड वर्षं हसवत होता, आणि त्या सगळ्या काळात जवळच्याच हॅमिल्टन शहरात त्याची दुसरी एक मैत्रीण होती. रोज दुसऱ्यांची लबाडी हुडकणाऱ्या मला आपल्या घरातली दिसली नव्हती. तेव्हापासून माझं एकच ठरलं होतं, लाघवी माणूस दिसला की पुरावा मागायचा.

पहिल्या लांबच्या फेरीनंतर डावा गुडघा आतल्या बाजूने खरंच दुखला. मी गेले. कोराडोने क्लीट केसभर फिरवली, पैसे घेतले नाहीत, काही विकलं नाही. उलट त्याच्या थर्मासमधली कॉफी दिली आणि माझ्या कामाबद्दल विचारत राहिला. दुकान बंद व्हायची वेळ टळून गेली तरी आम्ही बोलत होतो. निघताना त्याने माझी सायकल पायऱ्यांवरून वर आणून दिली. हँडल माझ्या हातात देताना त्याची बोटं माझ्या बोटांवर... जरा जास्तच वेळ राहिली. मला तसं वाटलं.

घरी जाताना मी पावसात गुणगुणत होते. दोन चौक गेल्यावर लक्षात आलं आणि बंद केलं.

दुसऱ्या दिवशी काचेतून आत डोकावले, तर तो एका म्हाताऱ्या गृहस्थापुढे तसाच मांडी घालून बसला होता. तसंच हसत होता. थर्मासमधली कॉफी त्यांनाही होती.

हा सगळ्यांशीच असा आहे, का माझ्याशी? दुकानदारी आहे, का... पुढचा शब्द मी मनातसुद्धा उच्चारला नाही. पण आठवडाभर दुसरं काही सुचत नव्हतं. तो मला आवडला होता, आणि पुन्हा एकदा मूर्ख ठरायची माझी तयारी नव्हती.

म्हणून मी सापळा लावला. क्लीट हलली तर कळावं म्हणून दोन्ही क्लीटच्या कडेने चंदेरी पेनाने बारीक रेघ मारली आणि फोनवर ठरवलेल्या वेळी बूट घेऊन दुकानात गेले. गुडघा ठणठणीत होता. मी मात्र चेहरा पाडून सांगितलं, "डावा गुडघा. बाहेरच्या बाजूने. चमक येते."

हिशेब सोपा होता. तो म्हणाला की बूट ठीक आहेत, तर माणूस सच्चा. त्याने क्लीट हलवली आणि दोष सापडला म्हणाला, तर लबाड.

कोराडोने बूट हातात घेतले. त्या दिवशी तो जरा गोंधळलेला होता. शर्ट नवा होता, केस विंचरलेले होते. "आत बघतो," म्हणाला आणि मागच्या खोलीत गेला. बराच वेळ गेला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पुसल्यासारखा कोरा होता.

"झालं," तो म्हणाला. "आता दुखणार नाही."

कॉफी विचारली नाही. सायकल वर आणून दिली नाही.

घरी येऊन बूट उलटे केले. क्लीट रेघेच्या आत, जिथल्या तिथे. स्क्रूला हातसुद्धा लागला नव्हता. म्हणजे त्याने काहीच केलं नव्हतं, आणि झालं म्हणाला होता. पकडला, असं मी मोठ्याने म्हटलं. पण पकडल्याचा जो आनंद व्हायला हवा, तो झाला नाही. मी स्वयंपाकघरात बूट मांडीवर घेऊन बसले आणि मला रडायला आलं.

शनिवारी मंडळाबरोबर कोराडोही आला. अधूनमधून यायचा. फर्गस गावापर्यंतच्या वाटेवर तो माझ्या बाजूला एकदाही आला नाही. ओल्या शेतांवरून वारा येत होता आणि मी त्याच्या पाठीकडे बघत पेडल मारत होते.

"तुमचं भांडण झालंय का?" ग्वेनने शेजारी येऊन विचारलं.

"भांडायला आमचं आहे काय?"

"मग चेहरा का असा? पोरी, त्या पोराने आयुष्यात कुणासाठी केस विंचरलेले मी पाहिले नाहीत. परवा दुकानावरून जाताना पाहिले, म्हटलं आज काहीतरी आहे."

बेकरीत सगळे आत गेले. तो बाहेर ओसरीत थांबला, टपटपणाऱ्या पागोळ्यांकडे बघत. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तुम्ही क्लीट हलवलीच नाही."

"नाही."

"मग झालं का म्हणालात?"

"कारण तुमचा गुडघा दुखत नव्हता."

"कशावरून?"

"पायऱ्या उतरताना तुम्ही धडधडत आलात. तक्रार सांगताना आधी उजव्या गुडघ्यावर हात ठेवलात, मग डाव्यावर. मला आनंद झाला होता. म्हटलं, ही उगाच आली आहे. कारण काढून आली आहे... आत गेलो ते धीर गोळा करायला. बाहेर येऊन विचारणार होतो की जेवायला याल का माझ्याबरोबर. मग बूट उलटा केला, तर त्यावर रेघा."

माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"मी दुकानदार आहे, खुळा नाही," तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही मला बघायला नव्हता आलात. पकडायला आला होतात. तिथे उभा राहून मी काय सांगणार होतो? म्हटलं झालं, आणि बूट दिले."

"मी बघायलाच आले होते."

"आता म्हणताय."

"खरं सांगते. यायचं आधी ठरलं होतं. रेघा नंतर मारल्या... स्वतःला सांगायला, की मी तपासणीला चालले आहे, दुसऱ्या कशाला नाही. आणि तुम्ही त्या म्हाताऱ्यांनाही कॉफी दिलीत."

"त्यांनी थर्मास आणला होता."

"काय?"

"ते माझ्या वडिलांचे मित्र आहेत. थर्मास त्यांचाच. रोज देऊन जातात, आणि त्या दिवशी थांबले होते." त्याच्या ओठांची कड हलली आणि पुन्हा स्थिर झाली. "हे तुम्ही तपासून घ्या हवं तर. पण तुमचं म्हणणं मी कसं तपासू? तुम्हाला मी आवडतो, याला पुरावा काय?"

रोज मी हाच प्रश्न टेबलाच्या त्या बाजूने विचारते. या बाजूला उभं राहिल्यावर कळलं की माणसाजवळ एक स्वतःचा शब्द सोडून दुसरं काहीच नसतं.

"काही नाही," मी म्हटलं. "खोटी तक्रार केली, खुणा केल्या, तोंडावर खोटं बोलले. असा दावा माझ्या टेबलावर आला असता तर मी नामंजूर केला असता. पण मला तुम्ही आवडता, कोराडो. फार आवडता. आठवडाभर मी दुसरा विचार केलेला नाही. एवढंच आहे माझ्याकडे."

आतून ग्वेनचं हसणं ऐकू आलं. पागोळ्या पडतच होत्या. तो माझ्याकडे बघत राहिला, त्या दिवशी माझ्या पायांकडे बघत होता तसा, घाई न करता.

"नामंजूर झालेली माणसं पुढे काय करतात?" त्याने विचारलं.

"पुन्हा अर्ज करतात."

"सगळी?"

"लबाड सोडून देतात. खरी असतात ती परत परत येतात. डोकं उठवतात अगदी."

"किती वेळ?"

"मंजूर होईपर्यंत."

आता मात्र तो हसला. हसू दाबायचा प्रयत्न न करता. त्याने हात पुढे केला आणि माझ्या कपाळावर चिकटलेली ओली बट बाजूला सारली. बोटं जरा जास्तच वेळ राहिली, आणि या वेळी ते नुसतं मला वाटलं नव्हतं, ती खरंच राहिली.

"गुरुवारी दुकान बंद झाल्यावर ये," तो म्हणाला.

"काय सांगून येऊ? दुसरा गुडघा दुखतोय म्हणू?"

"काही सांगू नकोस. बूट आणू नकोस, सायकल आणू नकोस. नुसती ये."

गुरुवारी मी आरशासमोर तीनदा कारण शोधलं. एकही सापडलं नाही. मग मी दार ओढून घेतलं आणि नुसतीच गेले.