गाडीमागची हवा

गाडी अजून दिसतही नव्हती, पण बोगद्यातून वारा सुटला होता. फलाटावर उभ्या असलेल्या इरावतीच्या ओढणीचं टोक फडफडू लागलं.

"आजोबा, जमिनीच्या इतक्या खाली वारा येतो कुठून?"

तिचे आजोबा, डॉ. भास्कर गद्रे, हवेच्या प्रवाहांचे संशोधक होते. नाशिकची नवी भुयारी मेट्रो दाखवायला ते नातीला घेऊन आले होते.

"सायकलच्या पंपातला दट्ट्या (नळीत सरकणारा भाग) दाबला की हवा पुढे ढकलली जाते. बोगदा म्हणजे नळी आणि गाडी म्हणजे दट्ट्या. गाडीच्या बाजूंना जागा थोडीच असते, म्हणून बरीचशी हवा तिच्या पुढे पळते."

चालकाविना धावणारी गाडी येऊन थांबली. प्रवासी उतरले, तोच फलाटाच्या टोकाला एका केबलने पेट घेतला. वीज तोडताच आग विझली. पण पंखे, लिफ्ट, सरकते जिने सगळंच थांबलं. धूर पसरू लागला.

लोक जिन्याकडे धावले. आजोबा थोडं चढले आणि कठड्याला धरून खोकू लागले.

"तू पुढे हो, इरा."

"मी नाही जाणार!" तिने मागे पाहिलं. वीज गेली तरी बॅटरीवर धावू शकणारी रिकामी गाडी अजून फलाटालाच उभी होती. "आजोबा, दट्ट्या ओढला की पंपात मागून हवा शिरते ना? मग ही गाडी निघून गेली तर?"

आजोबा थबकले. "तिच्या मागे हवेचा दाब कमी होईल. जिन्यावरून ताजी हवा खाली येईल आणि धूर बोगद्यात ओढला जाईल!"

जिन्यापाशी स्थानकाचा एक यंत्रमानव लोकांना वाट दाखवत होता, त्याला त्यांनी हाक मारली. "नियंत्रण कक्षाला सांग, गाडी पुढे न्या."

"धूर पुढच्या स्थानकात जाईल," यंत्रमानव म्हणाला.

"वाटेत वायुकूप (हवा जमिनीवर सोडणारी उभी विहीर) आहे का?"

"आहे. त्याचे पंखे वेगळ्या विजेवर चालू आहेत."

यंत्रमानवाने निरोप पाठवला. मग गाडीची दारं मिटली आणि ती बोगद्यात शिरली. आधी काहीच घडलं नाही. मग जिन्यावरून गार झुळूक खाली उतरली आणि धुराचे लोट वळून गाडीमागे गेले. आजोबांनी खोल श्वास घेतला आणि इराचा हात धरून ते वर चढले.

बाहेर उन्हात बसल्यावर इराने विचारलं, "पंखे बंद पडले तरी गाड्यांनीच हवा खेळती ठेवावी, असं स्थानक बांधता येईल?"

"येईलही. पण गाडी आणि भिंत यांच्यात फट किती हवी, ते आधी शोधावं लागेल."

"घरी नळी आणि ठोकळा घेऊन बघू या?"

"आजच," आजोबा म्हणाले.