दारापर्यंतचा रस्ता

डिझेल आणायला गेलेल्या माणसाची ही गोष्ट आहे, तेव्हा सुरुवातीलाच एकमेकांना चिकटून बसायचं कारण नाही. माणूस कॅन घेऊन पंपावर गेला, भरून परत आला. वाटेत मोकळ्या केसांची बाई वगैरे कोणी भेटलं नाही. दिवे येईपर्यंत ऐकायचं असेल तर ऐका. आणि ते दार लोटून घ्या कोणीतरी, डास येतात.

माणूस आमच्या ऑफिसातला, हेडक्लार्क. अजून हयात आहेत म्हणून नाव सांगत नाही. आम्ही त्यांना पाठीमागे 'परिपत्रक' म्हणायचो. शिंक आली तरी ती कोणत्या नियमात बसते ते पाहून मग शिंकायचे. अर्जात 'सुमारे' हा शब्द दिसला की अर्ज परत. हे एवढ्यासाठी सांगतो, की हा माणूस पदरचं काही घालणारा नव्हे. त्यांनी मला जे सांगितलं, तेच मी तुम्हाला सांगतोय. हसू नका. हसायचं तेवढं आत्ताच हसून घ्या.

निवृत्त झाल्यावर परिपत्रकांनी गावाबाहेर उतारावर जमीन घेतली. वर दोन खोल्यांचं घर, बाजूला पत्र्याची शेड, आणि फाटकापासून दारापर्यंत रस्ता. रस्ता आपला कागदोपत्री. पावसाने त्यात असे ओघळ पाडले होते, की शेळीसुद्धा विचार करून पाय टाकायची. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मुलीकडे शहरात होत्या. वॉकर धरून जेमतेम चालायच्या. त्यात जावयाची बदली झाली, पार लांब, आणि मुलगी म्हणायला लागली, आईला आम्ही बरोबर नेतो. कायमचं.

"रविवारी सकाळी येते मी," वहिनींनी फोनवर सांगितलं. "गाडी दारापर्यंत आली तर उतरेन. नाही आली तर गाडीतूनच तुमचं घर बघेन आणि यांच्याबरोबर जाईन. मग पुन्हा बोलवायचं नाही."

"अगं, फाटकापासून थोडंसंच तर चालायचंय."

"तुम्हाला थोडंसं. माझ्या गुडघ्याला विचारा एकदा."

परिपत्रक चार महिने तिथे एकटे राहत होते. स्वतःच्या हातचं खात होते आणि तक्रार कोणाकडे करायची हा प्रश्न होता. एकदा जेवताना त्यांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे मीठ मागितलं. त्याच आठवड्यात त्यांनी ट्रॅक्टर घेतला.

मोठा नव्हे, छोटा. फळबागेतून फिरतो तसला. आयुष्यात सायकलच्या पुढे काही चालवलेलं नाही. पण माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, खाली पेन्सिलने रेघा मारल्या आणि प्रत्येक पानाच्या तळाशी 'वाचले' लिहून सही केली. शोरूमचा मिस्त्री शिकवायला आला, तो बिचारा ती पुस्तिका पाहूनच दबला.

"काका, एक ध्यानात ठेवा," तो म्हणाला. "सीटखाली स्विच आहे. बूड उचललं की इंजिन बंद. माणूस पडला तर गाडी त्याच्या अंगावर जाऊ नये म्हणून."

"म्हणजे सीटवर कोणी बसलं असेल तरच चालणार?"

"तरच. लोक वैतागतात याला. वायर जोडून स्विच मारून टाकतात. टाकू का?"

परिपत्रकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने कोऱ्या कागदावर सही मागितली. "काही नको," म्हणाले. "आमच्या ऑफिसात उलटं होतं. खुर्चीला बूड टेकलं की काम बंद." हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव विनोद. मिस्त्री हसला नाही. त्याला वाटलं, हाही नियमच असेल.

पहिल्या दिवशी क्लच असा सुटला, की ट्रॅक्टर कुंपणात आणि परिपत्रक पट्ट्यामुळे सीटवरच. दुसऱ्या दिवशी कळलं, की उतारावर आडवं जायचं नाही, सरळ वर आणि सरळ खाली. मागे माती ओढायचं पातं जोडलं. ते जास्त खाली सोडलं की खड्डा पडायचा, वर धरलं की नुसतीच सहल व्हायची. आठवड्याने हात बसला. फाटकाकडून रस्ता सरळ होत चालला. संध्याकाळी ते खाली उतरून त्याच्याकडे बघत उभे राहायचे, लहान मूल स्वतःच्या चित्राकडे बघतं तसं.

आता ती रात्र. नोव्हेंबरमधला दुसरा शनिवार. अमावास्या नव्हती, चांगला अर्धा चंद्र होता. भुतं पंचांग बघून निघतात असं तुम्हाला वाटत असेल तर सोडून द्या.

दुपारी डिझेल संपलं. कॅन घेऊन पंपावर गेले, परत येईपर्यंत अंधारलं. घरापुढचा शेवटचा तुकडा राहिला होता, तोच सगळ्यात वाईट. ओघळ कमरेएवढा. सकाळी गाडी येणार. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं, अंधार पडल्यावर उतारावर काम करू नये. त्याखाली यांची सही होती. परिपत्रकांनी ते पान उघडलं, वाचलं, मिटलं आणि जन्मात पहिल्यांदा नियम मोडून ट्रॅक्टरचे दिवे लावले.

काम बरं चाललं होतं. मधूनच पात्यापुढे दगड यायचा. मग थांबायचं, उठायचं. उठलं की इंजिन बंद. एकदम शांतता. दगड बाजूला टाकायचा, परत बसायचं, किल्ली फिरवायची. साडेदहाच्या सुमाराला चंद्र झाडांमागे उतरायला लागला. (हा 'सुमाराला' माझा. त्यांनी मिनिटं सांगितली होती.) तेव्हा आणखी एक दगड आला. ते उठले, खाली उतरले, वाकले, दगड उचलला.

इंजिन चालूच होतं.

आधी त्यांच्या लक्षातच आलं नाही. दगड टाकून हात झटकले, मग लक्षात आलं. स्विच बिघडला. त्यांनी मनातल्या मनात शोरूमला पत्र लिहायला घेतलं. विषय: नवीन ट्रॅक्टरच्या सीटबाबत तक्रार. तसेच वळले.

सीट दबलेली होती.

काळी रेक्झिनची सीट. रिकामी. मधोमध खोल गेलेली, कडेला सुरकुत्या. आपण बसतो तशी.

"कोण आहे?"

...

पात्याचा दांडा हलला. हळूच, जपून. पातं खाली आलं, मातीला टेकलं. आणि ट्रॅक्टर निघाला.

परिपत्रक बाजूला झाले. तो त्यांच्या हाताच्या अंतरावरून गेला. सरळ वर गेला, वळला, सरळ खाली आला. झटका नाही, खड्डा नाही. कापड अंथरावं तशी माती पसरत होती. यांना आठवड्यात जे जमलं नव्हतं ते...

किल्ली काढता आली असती. एवढा हळू चालला होता, की बरोबरीने चालत हात घातला असता तर मिळाली असती. ते मला स्वतःच म्हणाले. पण ओघळ बुजत होता. सकाळी गाडी येणार होती. आणि तीस वर्षांची सवय असते माणसाला. काम पुढे सरकतंय ना? मग खुर्चीत कोण बसलंय हे विचारायचं नाही.

त्यांनी घसा साफ केला.

"दारापर्यंत करा, साहेब," ते म्हणाले. "फक्त दारापर्यंत आलं पाहिजे."

ट्रॅक्टर क्षणभर थांबला.

मग पुन्हा चालू लागला.

परिपत्रक आत गेले, कडी लावली. पलंगावर बसून ऐकत राहिले. इंजिन घरापुढे होतं. मग घराच्या बाजूला. मग मागे. मागे? मागे कशाला... उठायचा धीर झाला नाही. पहाटे कधीतरी आवाज बंद झाला.

सकाळी ट्रॅक्टर शेडमध्ये, पातं जमिनीला टेकवलेलं, अगदी पुस्तिकेप्रमाणे. फाटकापासून दारापर्यंत रस्ता असा, की वरून पाणी सोडलं तर वाट विचारत बसेल. परिपत्रकांना रडू यायचं तेवढं राहिलं. मग ते घराच्या मागे गेले.

मागच्या दारापासून आणखी एक रस्ता होता.

तेवढाच रुंद, तेवढाच गुळगुळीत. उतारावरून सरळ खाली, खळग्यात जात होता, आणि उंच गवतात संपत होता. तिथे काही नाही. घर नाही, विहीर नाही, पडकी भिंतसुद्धा नाही. नुसतं गवत. ते अर्ध्यापर्यंत गेले असतील, तेवढ्यात पुढून हॉर्न वाजला.

गाडी दाराला लागली होती. वहिनी खिडकीतून रस्त्याकडे बघत होत्या.

"हे तुम्ही केलंत?"

परिपत्रकांनी एकदा घराच्या मागच्या बाजूला पाहिलं. मग दुसऱ्याच्या कामाखाली साहेब लोक सही करतात, तशी त्यांनी केली. "हो," म्हणाले.

"लग्नाला इतकी वर्षं झाली, तुमच्या अंगात हे आहे हे मला माहीत नव्हतं." आणि वहिनी उतरल्या. वॉकर टेकत पायरी चढल्या, आत येऊन खुर्चीत बसल्या आणि जावयाला म्हणाल्या, "माझी बॅग काढा खाली. मी राहते इथेच." जावई सुटला, मुलगी थोडं रडली, गाडी गेली. दिवस चांगला गेला. जेवताना मीठ मागितल्यावर मिळालं.

मागचं दार त्यांनी दिवसभर उघडलं नाही. वहिनींना म्हणाले, तिकडे साप असतात.

रात्री निजले. दोन्ही दारांना आतून कड्या. बारा वाजून गेले असतील. वहिनींनी त्यांना हलवलं.

"अहो. कोणीतरी येतंय."

"फांदी असेल."

"ऐका तरी."

ठक.

मग काहीतरी मातीवर घासत ओढल्यासारखं.

ठक.

मागच्या बाजूने. लांबून. वर चढत.

"हळूहळू येतंय बिचारी," वहिनी म्हणाल्या. "गुडघा दुखतोय तिचा."

"तिचा?"

"बाईचं चालणं आहे ते. चार महिने मी असंच चालतेय, मला नाही कळणार?"

ठक... ठक...

"एवढ्या रात्रीची एकटी कशी आली? उठा, दार उघडा तिला."

परिपत्रक उठले नाहीत. त्यांनी वहिनींचा हात धरला आणि धरून ठेवला. त्यांना रात्रीचा ट्रॅक्टर आठवत होता. कशी जपून, कशी मऊ माती पसरली जात होती. कुणाला पाय घसरू नये म्हणून पसरावी तशी.

आवाज मागच्या दाराशी आला.

थांबला.

...

बराच वेळ काही नाही. कडी वाजली नाही. आवाज परतही गेला नाही.

उजाडल्यावर वहिनींना झोप लागलेली पाहून ते मागच्या दाराशी गेले. कडी आतून तशीच होती. काढली. दार उघडलं. दवाने रस्त्याची माती बसली होती, आणि तिच्यावर गवतातल्या टोकापासून वरपर्यंत अनवाणी पावलं उमटली होती. एक पाऊल नीट पडलेलं. दुसरं ओढत आणलेलं, प्रत्येक वेळी मागे ओरखडा. शेजारी काठीचं भोक. परिपत्रक खाली टोकापर्यंत जाऊन आले, एकेक पाऊल बघत, जन्मभर कागद बघितले तसं. आवक होती. जावक नव्हती.

परत आल्यावर त्यांनी दाराखालची फरशी पाहिली. शेवटची दोन पावलं तिच्यावर होती, ओल्या मातीची, शेजारी शेजारी जुळवलेली. बंद दार नेमकं त्या पावलांना आडवं छेदून गेलं असलं पाहिजे.

टाचा बाहेर होत्या. बोटं आत.