कोपऱ्यावर थांबणारा म्हातारा

वडिलांना ऑफिसात घेऊन जायचं, एवढंच काम होतं, आणि त्यावरूनही घरात वाजलंच. बाबा इस्त्रीचा शर्ट चढवून तयार, आणि मुलगी सांगतेय की वरून शेवटी चाल टिपायचा ठिपक्यांचा काळा पोशाखच घालायचाय, शर्ट कुणाला दिसणारही नाही.

"दिसो न दिसो," बाबा म्हणाले. "चारचौघांत जायचंय."

तिच्या ऑफिसात ऑनलाइन गेम बनायचा. ठिकठिकाणचे लोक आपापल्या घरी बसून एकाच वेळी त्यात शिरायचे, कुणी योद्धा व्हायचं, कुणी जादूगार. त्यात एक भलंमोठं शहर होतं. बंदर, बाजार, मनोरे, सगळं झकास, फक्त जीव नव्हता. रस्त्यावरची माणसं चावी दिल्यासारखी चालायची. 'स्मशानात याहून जास्त वर्दळ असते,' असं एका खेळाडूनं लिहिलं आणि ते साहेबांना भलतंच झोंबलं. साहेबांना सगळे पाठीमागे नगराध्यक्ष म्हणत. आणि शहरातला कोण कधी उठतो, कुणाशी भांडतो, कुठल्या दुकानापाशी घुटमळतो, हे ठरवणं तिचं काम, म्हणून ती गर्दीवाली.

नगराध्यक्षांनी फर्मान काढलं की प्रत्येकानं घरचं एक माणूस आणायचं. त्याची चाल कॅमेऱ्यांनी टिपायची आणि शहरातल्या कुणाला तरी द्यायची.

बाबा रिकाम्या हॉलमध्ये चालले. हॉलच्या कोपऱ्यापाशी आले आणि थांबले. डावा हात जरासा मागे, मान अर्धी वळलेली. थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग पुढे निघाले.

बाकीच्यांना त्यात काही वाटलं नाही. तिला मात्र गलबलून आलं. आईचा गुडघा अधू आणि जीभ तिखट. बाबा पुढे चालायचे, कोपरा आला की थांबायचे, आणि मागून आई पाय ओढत, त्यांचा उद्धार करत यायची. आई गेली. थांबणं तेवढं उरलं.

"ते थांबणं कापून टाका," ती म्हणाली. "ते आमच्या घरचं आहे."

"अगं, तेच तर हवंय," नगराध्यक्ष म्हणाले. "जीव जीव म्हणतात तो हाच."

ती घसा बसेपर्यंत भांडली. पण ऑफिस त्यांचं, शहर त्यांचं. पालथ्या घड्यावर पाणी.

थोड्याच दिवसांत त्या म्हाताऱ्याची चर्चा सगळीकडे झाली. कारंज्याजवळच्या कोपऱ्यावर तो थांबायचा आणि खेळाडू लढाया सोडून त्याच्याभोवती गोळा व्हायचे. त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे. वडिलांचं दुःख चौकातल्या पुतळ्यासारखं झालेलं पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि घरी बाबा थांबेनासे झाले.

आधी तिला बरंच वाटलं. मग लक्षात आलं की ते भांडतही नाहीत. भाजीत मीठ जास्त झालं तरी गप्प. हाक मारली की वळायचे, पण नजर आपल्यावरून घसरून भलतीकडेच जायची. संध्याकाळी फिरायला निघाले की कोपऱ्यावरून सरळ पुढे जायचे, दोन्ही हात बाजूला लोंबत.

"बाबा, हल्ली कोपऱ्यावर थांबत नाही तुम्ही?"

"थांबलोय की," ते शांतपणे म्हणाले. "तिकडे... कारंज्यापाशी."

बाबांनी गेम कधी पाहिला नव्हता. म्हातारा तिथे कुठे उभा केलाय, हे तिनं घरी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती नगराध्यक्षांच्या खोलीत शिरली, दार न वाजवता.

"माझ्या बापाला बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता."

"बैस आधी. आणि हे बघ. तूच केलंस ना? मला न विचारता केलंस, पण कमाल केलीस."

त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. शेजारी ऑफिसचा साउंडवाला कानांवर हेडफोन लावून बसला होता. त्याचा चेहरा काही ठीक दिसत नव्हता. पडद्यावर म्हातारा कोपऱ्यावर उभा होता, हात मागे, आणि त्याच्यामागच्या बोळातून एक बाई येत होती. चेहरा अर्धवट, पुसल्यासारखा. खांद्यावरची पिशवी सारखी घसरत होती आणि ती दरवेळी हिसका देऊन वर ओढत होती. एक पाय मागून ओढला जात होता.

"कुणी घातलं हिला?" गर्दीवालीचा आवाज चिरकला. "लाज वाटत नाही? मेलेल्या बाईचा तमाशा करता?"

"मी? मला वाटलं तू..."

"ताई," साउंडवाला हळूच म्हणाला, "मी आवाज भरलेला नाही हिला. पण... ऐका."

त्यानं हेडफोन पुढे केले. तिनं ऐकलं. दगडावर घासणारं पाऊल, आणि पावलामागोमाग पुटपुटणं. शब्द लागत नव्हते, पण सूर ओळखीचा होता. खोलीत मलमाचा उग्र वास पसरला होता. गुडघ्याला चोळतात त्या मलमाचा.

तिनं शहरातल्या माणसांची यादी उघडली. म्हातारा होता. बाई कुठेच नव्हती. जी कुणी घातलीच नाही, तिला काढणार कसं? नगराध्यक्ष "थांब, थांब" म्हणेपर्यंत तिनं म्हातारा पुसून टाकला. बाई दोन पावलांवर येऊन थबकली. रिकाम्या कोपऱ्याकडे पाहत उभी राहिली. मग तिनं मान वर केली आणि ती पडद्यातून सरळ बाहेर पाहू लागली.

घरी आली तर बाबा दारातच उभे होते. डोळ्यांत ओळख परत आली होती, आणि पाणीही.

"कुणी सांगितलं होतं तुला?" ते म्हणाले. "दोन पावलं राहिली होती. दोन पावलं! तिला तिथे एकटीला टाकून मला फरफटत आणलंस?"

"बाबा, ते खरं नाही. तो खेळ आहे."

"मग मी रडतोय कशाला?"

तिला राग येत होता, आणि तो कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं सुट्टी टाकली. दुपारी साउंडवाल्याचा फोन आला.

"ताई, ती बाई खेळाडूंना अडवतेय. दिसेल त्याला विचारते, आमचे हे कुठे गेले. उत्तर नाही दिलं तर... लोक घाबरून कॉम्प्युटर बंद करतायत. एकानं सांगितलं, बंद केल्यावरही आवाज येत होता."

"नगराध्यक्ष काय करतायत?"

तो जरा अडखळला. "जाहिरात. त्यांनी काल तुमच्या रस्त्याचा फोटो टाकला. 'खरा म्हातारा खऱ्या कोपऱ्यावर', असं काहीतरी. पत्त्यासकट."

तिनं अशी शिवी हासडली की बाबांनी मान वर करून पाहिलं.

"ऐका ना, ताई... आता ती विचारत नाहीये. कुणीतरी तिला सांगितलं वाटतं. ती चालायला लागली. आणि शहर रिकामं झालंय."

"म्हणजे? सर्व्हर पडला?"

"नाही, सगळं चालू आहे. खेळाडू आहेत. आपली माणसं नाहीत. हमाल, भाजीवाल्या, पहारेकरी, तुम्ही रचलेली सगळी गर्दी... ती पुढे आणि सगळे तिच्या मागे, वेशीबाहेर गेले."

"वेशीबाहेर काही नाही. आपण बनवलंच नाही तिथे काही."

"तेच तर विचारतोय. मग गेले कुठे?"

तिनं फोन ठेवला आणि ती दाराकडे धावली. बाबांनी दार सताड उघडलं होतं आणि ते उंबरठ्यावरच उभे होते.

"बाबा, बाजूला व्हा. दार लावू द्या मला."

"माझ्या घराचं दार आहे," ते म्हणाले.

बाहेर रणरणतं ऊन होतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कोपऱ्याकडून आवाज आला. घासत येणारं एक पाऊल, आणि त्यामागे तो सूर.

"आली," बाबा म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता.

तिनं त्यांचा दंड धरला, ओढलं. ते हलले नाहीत. त्या पावलामागून आणखी पावलं ऐकू येऊ लागली. ओझ्याखाली वाकून चालणारी, भांडत चालणारी, उगाच घुटमळणारी. त्यातली एकूण एक चाल तिला ओळखू येत होती, कारण कुणाला कुठली द्यायची ते तिनंच ठरवलं होतं. रस्ता रिकामाच होता आणि आवाज फाटकापाशी आला होता.

बाबा खाली वाकून दारातल्या चपला एका कडेला सारत होते, वाट मोकळी करत होते.

"तुझ्या आईचं मी बघतो," ते म्हणाले. "बाकीच्यांना कुठे बसवायचं ते तू बघ. माणसं तुझी आहेत."