नवऱ्याची सही

आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात वाढलेली माझी मेहुणी निधी माझ्याशी नेहमी हिंदीतच बोलायची. त्या मंगळवारी मी चौबे कॉलनीत एका घराची वायरिंग करत होतो. तिचा फोन आला आणि ती मराठीत म्हणाली, “भाऊजी, ताई गेली.” मराठी ऐकूनच मी समजलो.

माझी बायको अनुश्री सदतीस वर्षांची होती. तिला जन्मापासून सिकलसेल होता, रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या करणारा आजार.

आमची भेट शहरातल्याच ब्राह्मणपारा वस्तीत झाली. सिकलसेल तपासणीचं शिबिर होतं, हॉलमधले पंखे बंद पडले होते, म्हणून मला बोलावलं. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची, शिबिरात लोकांना समजावून सांगायची. मी शिडीवर, ती खाली. तिनं नाव विचारलं. मी मारोती म्हटलं.

“मग लग्नाचं विचारायलेच नको,” ती म्हणाली.

“काहून? मी काय देवळात बसून राहिलो का?”

ती हसली. मी एका पंख्याला दोन तास लावले.

नंतर मी उगीच दोनदा त्या पंख्यांची चौकशी करायला गेलो. दुसऱ्यांदा तिनं आपला आजार सरळ सांगून टाकला, मी निघून जावं म्हणून. मी इलाज विचारला. तिनं माझ्या पिशवीतून तारेचा तुकडा काढला.

“हा डीएनए. इथं एक जीन आहे. अन् पार तिकडं हा —” तिनं दुसऱ्या टोकाला लाल टेप गुंडाळली. “याले एन्हान्सर म्हणतात. स्वतः काही बनवत नाही. पण तार वाकते, हा जीनजवळ येतो, अन् जीनचा जोर वाढतो.”

तार वाकवताना तिची बोटं माझ्या बोटांना लागली... तिनं ती लगेच काढली नाहीत.

“म्हणजे बटण,” मी म्हटलं.

“बटण नाही जी. रेग्युलेटर. पंखा बंद नाही होत, हळू होतो.”

मग तिनं बाकीचं सांगितलं. जन्मानंतर एक जीन बाळाचं हिमोग्लोबिन बनणं थांबवतो. रक्त बनवणाऱ्या पेशींत त्याला जोर मिळतो तो या एन्हान्सरमुळे. तेवढा तुकडा मोडला की जीन तिथं मंदावतो, दुसरीकडे आपलं काम करतच राहतो. बाळाचं ते निरोगी हिमोग्लोबिन परत बनू लागतं आणि रक्तपेशी वाकड्या होत नाहीत. हे शोधून काढलं होतं, इलाज अजून यायचा होता. आम्ही वाट बघायचं ठरवलं, आणि लग्न केलं.

आठ वर्षांनी दूरच्या एका रुग्णालयातून फॉर्म आला. असाच इलाज तपासून बघणार होते. नवऱ्याची सही हवी होती. रक्त बनवणाऱ्या पेशी काढून बदलतात, पण त्या परत देण्याआधी हाडांतली जुनी मज्जा जबर औषधानं रिकामी करतात, त्यात जीवही जाऊ शकतो. मी तेवढंच ऐकलं. दिवाळीनंतर बघू, म्हणालो.

ती म्हणाली, “भीती तुम्हाले वाटून राहिली... दुखून मले राहिलं.”

मी सही केली नाही. तिनं पुन्हा मागितली नाही. दिवाळीच्या बारा दिवस आधी तिच्या छातीत दुखू लागलं, तिला दवाखान्यात ठेवलं, दिवसा निधी तिच्याजवळ थांबायची. चौथ्या दिवशी निधीचा फोन आला.

इलाज लागू पडला असता का, कोणालाच माहीत नाही. पण तिला जायचं होतं आणि मी अडवलं.

त्या रुग्णालयाच्या इच्छुकांच्या यादीत तिचं नाव अजून आहे. ते काढायला सांगायचं राहिलं आहे.